मौजा आदिमानव, खसरा नंबर माहीत नाही

मी मोजणीवाला. तीसेक वर्षं नागपूरच्या चारी बाजूंना ले-आउट टाकून दिले, आधी साखळीने, मग टेपने, शेवटी टोटल स्टेशनने. काटोल रोड, हिंगणा, बुटीबोरी, उमरेड रोड, जिथे म्हणाल तिथे माझ्या खुंट्या गेल्यात. त्यातल्या एका जागेवरून आज लिहायला बसलोय, पण ती नेमकी कुठली ते सांगणार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुरमाड माळ, पळसाची झुडपं, मधूनमधून काळे गोटे. नकाशात बारा मीटरचा रस्ता ज्या रेषेत होता, नेमका तिथेच गुडघाभर उंचीच्या दगडांचा एक गोल आडवा आला. दगड घरंगळत येऊन पडलेले नव्हते, कुणीतरी मांडलेले होते. सवयीने मी टेप लावला : साडेबारा मीटर. खुंट्या ठोकणाऱ्या पोराने विचारलं, "याचं काय करायचं, साहेब?" शेजारी बकऱ्या चारणारा एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "आदिमानवाचं हाय थे. कोणी पांडवायचं बी म्हन्ते." मी "असं का" म्हणालो आणि त्या गोलावरून चुन्याची रेघ ओढली. पुढच्या आठवड्यात जेसीबी लागला. एक सोडला तर बाकीचे दगड कुठे गेले, मला ठाऊक नाही.

म्हाताऱ्याचं चुकलं होतं. पण तो शाळेत गेला नव्हता. मी मॅट्रिकला इतिहासात बरे मार्क घेतले होते, डिप्लोमा केला होता, आणि तरीही 'आदिमानव' हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक केसाळ, पानं गुंडाळलेला, हातात दांडकं घेतलेला प्राणी आला. अशा प्राण्याच्या गोट्यांसाठी मालकाचा रस्ता कोण वळवतो? तो गोल साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगातल्या माणसांनी बांधलेलं दफन असणार, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. ती माणसं लोखंड गाळत होती, मणी घडवत होती, घोडे पाळत होती. त्यांना आदिमानव म्हणणं म्हणजे रघुजी भोसल्यांना डायनोसॉर म्हणण्यासारखं आहे.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या माणसांविषयी आपण जे शिकतो ते 'सामान्य ज्ञान' म्हणून शिकतो, आणि म्हणून ते चुकीचं शिकतो. आदिमानव म्हणजे अर्धवट माणूस, आणि आपण म्हणजे पूर्ण झालेला, अशी एक समजूत त्यातून मनात घट्ट बसते. ही समजूत निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे जमिनीतले पुरावे जेसीबीखाली जातात, आणि जिवंत माणसांकडे बघण्याची आपली नजरही बिघडते.

आधी काळाचा घोळ निस्तरू. आमच्या धंद्यात स्केल ठरल्याशिवाय पेन्सिल हातात घेत नाहीत. समजा, एक किलोमीटर म्हणजे हजार वर्षं. नागपूर स्टेशनवर इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि खिडकीतून मागचा काळ बघत चला. शिवाजी महाराजांचा काळ प्लॅटफॉर्म संपायच्या आत गेला. अडीच किलोमीटरवर बुद्ध. आमची दगडी वर्तुळं तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गाडीने अजून धड वेगही घेतलेला नाही. गोधनी मागे पडलं की थोड्याच वेळात पश्चिम आशियातल्या शेतीची सुरुवात. काटोल यायच्या आधी शेवटचे निअँडरथल, म्हणजे माणसाची एक वेगळी, आता नामशेष झालेली प्राणिजात, दिसायला लागतात. काटोलच्या मागेपुढे आफ्रिकेतून बाहेर पडलेली माणसांची ती मोठी पांगापांग, जिच्यातून आफ्रिकेबाहेरचे बहुतेक सगळे आजचे लोक आले. पुढे पांढुर्णा, मुलताई, आमला, बैतूल, घाट, बोगदे, आणि तीनशे किलोमीटरवर इटारसी. मोरोक्कोत जेबेल इरहूद इथे सापडलेल्या, २०१७ मध्ये ज्यांचं वय जाहीर झालं त्या कवट्या साधारण तीन लाख वर्षांच्या आहेत, आणि त्या आपल्याच प्राणिजातीच्या सुरुवातीच्या माणसांच्या मानल्या जातात. म्हणजे इटारसीपासून गोधनीपर्यंतचा सगळा प्रवास शेतीशिवायचा, राजाशिवायचा, लिपीशिवायचा आहे. आणि तरीही तो आपलाच आहे. शंभरातल्या शहाण्णव हिश्श्यांचा. आपण ज्याला मानवजातीचा इतिहास म्हणतो तो गोधनीच्या अलीकडे उरकतो.

आणि १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेली ती प्रसिद्ध 'लुसी', माणसाच्या फार जुन्या नातलगाचा तो सांगाडा, बत्तीस लाख वर्षांपूर्वीची? तिला भेटायचं तर त्याच स्केलने जम्मूला जाऊन पुन्हा नागपूरला परत यावं लागेल, एवढं अंतर होतं.

'पहिला माणूस' कोण, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. मोठी माणसं दोनपैकी एक उत्तर देतात : एक तर धर्मग्रंथातलं नाव, नाहीतर "माकडापासून माणूस झाला". दोन्ही उत्तरांत एक ठरलेला दिवस गृहीत धरलेला आहे. त्याच गाडीत बसून मी नातीला विचारलं होतं, मराठी कुठल्या स्टेशनवर संपते? पांढुर्ण्यात घराघरांत मराठी आहे. मुलताईकडे ती पातळ होत जाते. इटारसीला उतरलं की चहावाला हिंदीच बोलतो. पण आईने मराठीत हाक मारली आणि लेकराने हिंदीत ओ दिली, असं एकही गाव मध्ये लागत नाही. माणूस होण्याचंही तसंच आहे. एका प्राणिजातीच्या आईच्या पोटी दुसऱ्या प्राणिजातीचं मूल आलं, असं कधीच झालं नाही. तिला ते पटलं. मोठ्यांना पटवणं जड जातं, कारण मोठ्यांच्या डोक्यात ते चित्र पक्कं छापलेलं असतं : वाकलेलं वानर, मग जरा कमी वाकलेलं, मग ताठ, आणि रांगेच्या शेवटी आपण.

ती रांग खोटी आहे. लाखभर वर्षांपूर्वी पृथ्वीवर एकाच वेळी माणसांच्या किमान तीन-चार जाती नांदत होत्या. आफ्रिकेत आपण, युरोप आणि पश्चिम आशियात निअँडरथल, पूर्वेकडे डेनिसोव्हन, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फुटांची ठेंगणी माणसं. त्यातले कोणी कोणाच्या पुढे नव्हते, मागेही नव्हते. शिवाय त्यांची आपली सोयरीक झालेली आहे. स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते प्राचीन हाडांतून डीएनए काढून हे दाखवल्याबद्दलच. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या अंगात एक ते दोन टक्के निअँडरथल अजून आहे. लग्नाच्या बाजारात कुळ-गोत्र आणि 'शुद्ध रक्त' बघणाऱ्या आपल्या समाजाला हा एक-दोन टक्का रोज सकाळी चहाबरोबर द्यावा, असं मला वाटतं.

रांग खोटी म्हणायला आणखी एक कारण आहे. 'त्या' माणसांना आपण रानटी म्हणतो, म्हणजे दुबळ्याला टाकून देणारे, बळी तो कान पिळी असं जगणारे. जॉर्जियात द्मानिसी इथे सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी मिळाली. त्या माणसाच्या तोंडात जवळजवळ एकही दात नव्हता, आणि दात पडल्यावर दातांच्या खाचा हाडाने भरून आलेल्या होत्या. म्हणजे दात गेल्यानंतरही तो काही वर्षं जगला. मांस कोणी कुटून दिलं असेल का, मऊ भाग त्याच्यासाठी राखून ठेवला असेल का, यावर अभ्यासक वाद घालतात, आणि घालावा. इराकमधल्या शानिदार गुहेत १९५७ मध्ये मिळालेला निअँडरथल पुरुष तर आणखी स्पष्ट बोलतो. त्याचा उजवा हात निकामी होता, एका डोळ्याजवळचं हाड असं चेपलेलं की त्या डोळ्याने बहुधा दिसत नसावं, चालण्यातही अधूपण. तरी तो त्यांच्या मानाने म्हातारा होईपर्यंत जगला. हे एकट्याने होत नाही. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एकटे राहणारे एक आजोबा आहेत, त्यांना लिफ्ट बंद असली की औषध आणून द्यायला दोन दिवस लागतात. असो.

पुरुष शिकारीला आणि बाई गुहेत चुलीपाशी, हेही चित्र आपल्याच घरातून मागे नेऊन चिकटवलेलं. पेरूमध्ये नऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन मिळालं, शिकारीच्या हत्यारांसह. हाडं तरुण मुलीची निघाली. एका दफनावरून सगळ्या जगाचा नियम काढू नये हे खरं. पण उलटा नियम तर आपण एकाही दफनावाचून काढला होता. शेती, मग गाव, मग देऊळ ही चढती पायरीही तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपेने डळमळीत केली. साडेअकरा हजार वर्षांपूर्वी, पाळीव धान्य पिकायला लागण्याआधी, शिकार करून जगणाऱ्या लोकांनी तिथे कोरीव दगडी खांब उभे केले.

आता शाळेकडे येतो. पुस्तकांना शिव्या देणं सोपं आहे, म्हणून आधी चांगलं सांगतो. नातीचं पाचवीचं 'परिसर अभ्यास भाग दोन' मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पहिलाच धडा 'इतिहास म्हणजे काय?' पुढे काळ कसा मोजायचा, उत्क्रांती, दगडाची हत्यारं, निवाऱ्यापासून गावापर्यंत. कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, बुद्धिमान मानव, ही नावं तर मला फारच आवडली. आम्हाला असं पुस्तक मिळालं असतं तर मी कदाचित चुना टाकायच्या आधी थांबलो असतो. पण वर्गात त्या पुस्तकाचं जे होतं ते बघा. 'रिकाम्या जागा भरा : ____ मानवाने अग्नीचा वापर केला.' 'जोड्या लावा.' नातीच्या वहीत हातकुऱ्हाडीचं चित्र होतं, त्याखाली 'हातकुऱ्हाड' लिहिलेलं, बरोबरची खूण. तिच्या हातात दगड मात्र कोणी दिला नव्हता. काळ्या बेसॉल्टचा एक गोटा दुसऱ्यावर कसा मारला की कपचा निघतो, हे दहा मिनिटं करून बघितलं असतं तर बोट ठेचलं असतं, आणि 'कुशल' शब्दाचा अर्थ वही न उघडता कळला असता.

दहावीचं विज्ञान याहून कच्चं. २०१८ ला आलेल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात मानवाच्या पूर्वजांच्या मालिकेत रामापिथेकस अजून बसलेला आहे. शिवालिकच्या डोंगरात १९३०च्या दशकात मिळालेल्या जबड्याच्या तुकड्याला हे नाव पडलं. काही दशकं त्याला मानवाचा पूर्वज मानलं गेलं. पुढे अधिक पूर्ण कवटी मिळाली आणि तो ओरांगउटानच्या बाजूचा, शिवापिथेकसच्या घरातला निघाला. हे ठरून चाळीस वर्षं होऊन गेली. ज्या डेव्हिड पिलबीम यांनी त्याला पूर्वज म्हणून पुढे आणलं होतं, त्यांनीच नव्या पुराव्यापुढे आपलं मत बदललं. मला विचाराल तर रामापिथेकस पुस्तकातून काढूच नये. उलट त्याचीच गोष्ट सांगावी : शास्त्रज्ञ चुकले, त्यांना नवी कवटी मिळाली, त्यांनी मान्य केलं. नेते, बाबा आणि ठेकेदार यांच्या सहवासात वाढणाऱ्या मुलाने, मोठा माणूस "माझं चुकलं" म्हणतो हे कुठेतरी वाचलं पाहिजे.

केंद्राच्या अभ्यासक्रमात तर दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भागच गेला. आधी करोनाकाळात ओझं कमी करायचं म्हणून, मग २०२३ च्या पुस्तकांतून कायमचा. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. उत्तर आलं की बारावीच्या जीवशास्त्रात तो आहेच. आहे ना! पण दहावीनंतर जो आयटीआयला गेला, वाणिज्य शाखेला गेला, माझ्यासारखा मोजणी शिकायला गेला, त्याचं काय? उत्क्रांती ही काय फक्त डॉक्टर होणाऱ्यांनी जाणून घ्यायची बाब आहे?

सगळ्यात जास्त खटकलं ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये. 'मानवाची प्रगती' असा कार्यक्रम. पहिल्यांदा काळं फासलेली, पानं बांधलेली मुलं "हू हू" करत आली, आदिमानव. दुसऱ्या प्रवेशात त्याच मुलांनी पानं तशीच ठेवून डोक्यात पिसं खोवली, हातात धनुष्य घेतलं, आणि मागे ढोल वाजला, निवेदन झालं, "आणि हे आपले आदिवासी बांधव." मग शेतकरी, मग सैनिक, मग लॅपटॉपवाला इंजिनियर. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील.

ज्या शहरात हा कार्यक्रम झाला ते वसवलं कोणी? देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ मध्ये. इंजिनियर नव्हता, पण त्याने बारा छोटी गावं एकत्र करून शहर मांडलं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही मान झुकवायला पुरेसं आहे. त्या राजाचे वारस लॅपटॉपच्या तीन पायऱ्या खाली, पानं गुंडाळून. आदिवासी म्हणजे पहिले रहिवासी; आदिमानव म्हणजे पहिली माणसं. दोन शब्दांत 'आदि' एकच आला आणि आपण दोघांना एका पायरीवर बसवून टाकलं. काही आदिवासी समूहांसाठी वापरात असलेला इंग्रजीतला 'आदिम' अर्थाचा शब्द केंद्र सरकारने २००६ मध्ये सोडला आणि त्या समूहांना 'विशेष असुरक्षित' म्हणायला लागलं. मराठीत कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड यांना 'आदिम जमाती' म्हणणं मात्र चालूच आहे. भामरागडचा माडिया माणूस आणि धरमपेठचा मी, दोघांच्याही मागे तेवढीच तीन लाख वर्षं आहेत. एक मिनिटही कमी-जास्त नाही. तो थांबला आणि मी पुढे आलो असं नाही. तो त्याच्या वाटेने आज इथवर आला, मी माझ्या.

इथे एक सापळा आहे, आणि चांगल्या मनाची माणसंही त्यात पडतात. गडचिरोलीत माडिया लोक मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी अजूनही उभे दगड रोवतात. मग लगेच म्हणायचं, बघा, आमच्या शिळावर्तुळांचे बांधकामवाले हेच! असेल, नसेल. तीन हजार वर्षांत माणसं हलतात, चाली उसन्या घेतात, सोडतात. त्या प्रथेकडून प्रश्न विचारायला शिकावं : दगड कोण निवडतं, किती जण ओढतात, जेवण कोण घालतं? उत्तर मात्र जमिनीतूनच यायला हवं.

आणि जमीन तर आमच्याकडे भरपूर आहे. १८६३ हे साल घ्या. मे महिन्यात मद्रासजवळ पल्लावरमला भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना भारतातलं पहिलं नोंदलेलं पुराश्मयुगीन हत्यार मिळालं. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, सुरू झाला. आणि त्याच वर्षी ४ सप्टेंबरला स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने आपलं कॉलेज आहे, टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. मिशनरी होते, खडकांचे नि जीवाश्मांचे अभ्यासक होते. गोंडांविषयीची त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी मागाहून छापली. त्यांच्या धर्मप्रसाराशी मला देणंघेणं नाही. पण ज्या गोलांसाठी हा परदेशी माणूस भर पावसाळ्यात घोडा घेऊन गेला, त्या टाकळघाटला मी बुटीबोरीच्या कामासाठी शंभरदा जाऊन एकदाही गाडी थांबवली नाही.

१८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यांनी काटोल रोडवरच्या जुनापाणीच्या वर्तुळांविषयी लिहिलं. तीनशेच्या आसपास वर्तुळं, त्यांतल्या काही दगडांवर वाटीएवढे कोरलेले खळगे. तसेच खळगे इंग्लंड-स्कॉटलंडच्या दगडांवरही आहेत म्हणून त्यांनी तर्काचे घोडे बरेच दूर दामटले. पुरातत्त्वज्ञ शांताराम भालचंद्र देव यांनी १९६०-७०च्या दशकांत टाकळघाट-खापा आणि माहुरझरी खणलं, नंतर नायकुंडचंही काम झालं, तेव्हा कुठे ही माणसं दिसायला लागली. माहुरझरीला घोड्यांची हाडं, तोंडावरचे तांब्याचे साज; मेलेल्याबरोबर त्याचा घोडाही पुरलेला. रंगीत दगडांचे मणी. पेंचच्या काठी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. काळी-तांबडी भांडी. वर्तुळं बहुतेक पिकाला निरुपयोगी मुरमाड उंचवट्यावर, वस्ती नदीकाठी काळ्या मातीत. म्हणजे जमिनीची प्रत बघून कुठे राहायचं आणि कुठे पुरायचं हे ठरवणारी माणसं. ती माझ्याच व्यवसायातली होती म्हणायला हरकत नाही. फक्त त्यांनी टाकलेला ले-आउट तीन हजार वर्षं टिकला.

या एका शहरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आहे, मानववंश सर्वेक्षणाचं केंद्र आहे, पुरातत्त्व सर्वेक्षणाची उत्खनन शाखा आहे, विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे, दीडशे वर्षांहून जुनं संग्रहालय आहे. आणि या सगळ्यांच्या भोवती राहणाऱ्या लाखो मुलांपैकी जुनापाणी किती जणांनी पाहिलंय? फुटाळ्यावर रोज संध्याकाळी मक्याची कणसं खाणाऱ्या गर्दीत उभं राहून कुणालाही विचारून बघा.

"काय उपयोग?" हा प्रश्न मी गृहीत धरलेलाच आहे. नीट, जेईई, एमपीएससी यांत याला किती मार्क? मार्क थोडे आहेत, मान्य. पण शाळा मुलांना गावाचं नाव, नदी, राजा शिकवते तेही मार्कांसाठी नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो दबक्या आवाजात येतो : हे विषय काढले की "मूळचे कोण, बाहेरचे कोण" हा वाद पेटतो. नागपुरात तर फारच. एक बाजू म्हणते आम्ही मूलनिवासी, तुम्ही आक्रमक. दुसरी म्हणते कोणी बाहेरून आलंच नाही, सगळं इथलंच. दोघांनाही प्राचीन काळ म्हणजे सातबारा वाटतो. नाव चढलं की मालकी आपली. मी आयुष्यभर सातबारे हाताळले, म्हणून सांगतो, हा उतारा कुणाच्याच नावाने निघत नाही. डीएनएचा गेल्या पंधरा-वीस वर्षांतला अभ्यास सांगतो की भारतातले जवळजवळ सगळे समूह वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले आहेत, आणि मिसळलेल्या प्रवाहांतले अनेक वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या दिशांनी आले. जातीचा अन्याय हा अन्याय आहे तो आज घडतो म्हणून. त्याचा दाखला तीन हजार वर्षांमागच्या हाडांतून आणायची गरज नाही. दीक्षाभूमीच्या शहरात हे वेगळं सांगायला लागू नये. पण वाद होतो म्हणून विषय टाळणं म्हणजे बांधावर भांडण होतं म्हणून मोजणीच न करणं. मोजणी नसली की भांडण वाढतं, हे कुणीही तलाठी सांगेल.

मुलं लहान आहेत, त्यांना शंका शिकवू नका, असंही एक शिक्षिका मला म्हणाल्या. मला उलट वाटतं. इटारसीच्या पलीकडे, नर्मदेच्या उत्तर काठावर हथनोरा गाव आहे. ५ डिसेंबर १९८२ ला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना तिथे कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतातला इतका जुना मानवी जीवाश्म दुसरा नाही. आधी ती ताठ कण्याच्या मानवाची म्हटली, मग अनेकांनी त्याहून पुढच्या जातीची म्हटली. पुरुषाची की बाईची यावरही मतं वेगळी. वयाचं तर विचारूच नका. पाचवीच्या मुलाला हे कळत नाही असं कोण म्हणतं? क्रिकेटमध्ये बॅट लागली की पॅड, यावर ती पोरं अर्धा तास पुराव्यानिशी भांडतात. स्निको, रिप्ले, पंचाचा निर्णय बदलणं, हे सगळं त्यांना येतं. तोच कस कवटीवर लावायचा.

शाळांनी काय करावं? मला सांगता येईल ते एकच. पाचवीच्या वर्गाला जुनापाणीला न्या. गोरेवाडा ओलांडला की फार लांब नाही. भाषण नको, गाइड नको, 'आदिमानवाची भूमी' असा फलक तर नकोच. चौघांच्या गटाला एक टेप, एक होकायंत्र, एक कागद. एक वर्तुळ मोजायचं : व्यास किती, दगड किती, सगळ्यात मोठा कुठल्या दिशेला, खळगे आहेत का, कुठल्या तोंडाला. काही अभ्यासकांनी या खळग्यांचा संबंध दिशांशी लावून पाहिला आहे. मुलांनी आपला आकडा काढावा आणि पटतं का बघावं. हात लावायचा नाही, उकरायचं नाही, उचलायचं नाही, ती संरक्षित जागा आहे. परत आल्यावर सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर. एकाच वर्तुळाचा व्यास दोन गटांनी वेगळा काढला असेल. तिथून पुढे मास्तरांना फारसं बोलावं लागणार नाही. टेप धरायला मी येईन. गुडघे दुखतात, पण सपाट माळ आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्या जुन्या ले-आउटमध्ये गेलो होतो. बारा मीटरचा रस्ता आता सिमेंटचा झालाय, दोन्ही बाजूंना दुमजली घरं. एका फाटकाशी त्या गोलातला तो एकटा उरलेला दगड आहे, पाच खळग्यांचा, चुना लावून पांढरा केलेला. एका खळग्यात चिमण्यांसाठी पाणी ठेवलं होतं. घरातली बाई बाहेर आली. मी विचारलं, हा दगड इथे कधीपासून आहे?

"थो जी? थो आधीपासूनच हाय."

"आधीपासून म्हणजे?"

"म्हंजे आमी प्लॉट घेतला ना, दोन हजार चारले. तवापासून."